व्ही. के. मूर्ती : सिनेमास्कोपपासून दूरदर्शनपर्यंत

व्ही. के. मूर्तींचा विषय निघाला की दोन मिनिटांत बोलणं गुरुदत्तवर येतं आणि मग तिथेच रेंगाळतं. ‘कागज के फूल’मधला उन्हाचा झोत, ‘प्यासा’त सभागृहाच्या दारात हात पसरून उभा राहिलेला कवी, ‘साहिब बीबी और गुलाम’मधल्या सावलीत नाचणाऱ्या बायका. एवढी तीन उदाहरणं दिली की मूर्ती संपले. १९६४ च्या ऑक्टोबरात गुरुदत्त गेला. त्यानंतर मूर्ती जवळजवळ तीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभे होते, हे सिनेमाच्या जाणकारालाही आठवण करून द्यावं लागतं. पुढची प्रकरणं या संपूर्ण कारकिर्दीबद्दल आहेत. ही प्रस्तावना मात्र त्या विसरलेल्या तीस वर्षांची बाजू घेऊन लिहिली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

कॅमेरामनच्या कारकिर्दीची नोंद नेहमी दुसऱ्याच्या खात्यावर होते. सिनेमा दिग्दर्शकाचा, गाणं गायिकेचं, चेहरा नटीचा. तो चेहरा तसा दिसला त्यामागे कुणी तरी दिवसभर दिवे हलवत होतं, ही गोष्ट श्रेयनामावलीतल्या एका ओळीत उरकली जाते. मग त्या माणसाचं चरित्र लिहायचं कशाच्या आधारे? माझं मत असं, की ते त्याच्या साधनांच्या आधारे लिहावं : हातात कुठली फिल्म होती, कुठली भिंगं होती, दिवे किती होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र शेवटी केवढ्या पडद्यावर दिसणार होतं. या दृष्टीनं पाहिलं तर मूर्तींइतकी विलक्षण कारकीर्द आपल्याकडे दुसरी सापडणं कठीण. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट त्यांनी १९५९ साली टिपला, आणि १९८८ साली दूरदर्शनच्या चौकोनी पडद्यासाठी ‘तमस’ही त्यांनीच टिपला. पहिल्या पडद्याची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त, दुसऱ्याची फक्त सव्वापट आणि थोडी वर. माणूस तोच.

मूर्तींचा जन्म १९२३ सालचा, म्हैसूरचा. तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आले, व्हायोलिन वाजवायला शिकले आणि बंगलोरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून १९४६ साली छायाचित्रणाची पदविका घेऊन बाहेर पडले. आज ही गोष्ट साधी वाटते. पण त्या काळी मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत कॅमेरा शिकायचा म्हणजे उस्तादाच्या हाताखाली पेट्या उचलण्यापासून सुरुवात करायची, असा रिवाज होता. पुण्याला प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली ती १९६० साली. त्याच्या चौदा वर्षं आधी एका संस्थानी पॉलिटेक्निकमध्ये प्रकाशमापन आणि रसायनं शिकलेला मुलगा मुंबईत येतो, यात म्हैसूरच्या शिक्षणव्यवस्थेचाही वाटा आहे. त्याच पॉलिटेक्निकमधून १९६२ साली आणखी एक मुलगा बाहेर पडला. त्याचं नाव गोविंद निहलानी. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

पदविका असली तरी पेट्या उचलणं काही चुकलं नाही. मूर्तींनी फली मिस्त्रींच्या हाताखाली काम केलं आणि त्यांनाच ते गुरू मानत. काळ्यापांढऱ्या चित्रातल्या करड्या छटा मिस्त्रींइतक्या बारकाईनं वाचणारे लोक तेव्हा फार थोडे होते. पुढे महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत व्ही. रात्रा यांचे सहायक असताना ‘बाजी’चं चित्रीकरण चालू होतं. दिग्दर्शक नवखा, गुरुदत्त. एका गाण्यात आरशातल्या प्रतिबिंबावरून कॅमेरा सरकवत न्यायचा असा अवघड शॉट मूर्तींनी सुचवला. सहायकानं शॉट सुचवायचा नसतो, हा सेटवरचा अलिखित नियम. पण रात्रांनी तो त्यालाच घेऊ दिला, आणि संध्याकाळी पॅकअपच्या वेळी गुरुदत्तनं त्याला पुढच्या सिनेमाचं बोलावणं दिलं. तो सिनेमा म्हणजे गोव्यातल्या कोळ्यांच्या वस्तीत घडणारा ‘जाल’, १९५२. इथून ‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’ अशी ओळ लागते. या गोष्टीत मला मूर्तींइतकेच रात्राही महत्त्वाचे वाटतात. आपल्या सहायकाला कॅमेऱ्यावर बसू देणारा कॅमेरामन सेटवर रोज भेटत नाही.

जाता जाता एक मराठी धागा. गुरुदत्तची उमेदवारी पुण्याच्या प्रभातमध्ये झाली, आणि त्या कंपनीत व्ही. अवधूत यांनी ‘संत तुकाराम’ आणि ‘माणूस’ टिपले होते. ‘माणूस’मधल्या ओल्या रस्त्यांवरून, जिन्यांच्या सावल्यांवरून सरळ ‘प्यासा’पर्यंत रेघ ओढायचा मोह आपल्या समीक्षकांना होतो. मला ती रेघ जरा जास्तच सरळ वाटते. पण एवढं नक्की, की सावलीला घाबरायचं नसतं हे त्या आवारात १९३९ सालीच माहीत होतं.

गुरुदत्तला चेहऱ्यांचं वेड होतं. क्लोजअपसाठी त्याला ७५ आणि १०० मिलिमीटरची भिंगं हवी असत. या भिंगांनी चेहरा मागच्या गर्दीतून सुटा होतो, नाकडोळे चपटे किंवा फुगीर न होता प्रमाणात राहतात, पण तीक्ष्णता फार थोड्या अंतरात मिळते. डोळे स्पष्ट आणि कान धूसर, अशी स्थिती. नटानं बोलता बोलता मान वीतभर पुढे आणली की फोकस गेला. त्या काळच्या सावकाश फिल्मला प्रकाश पुष्कळ लागायचा, आणि इतका प्रकाश ओतूनही चेहऱ्यावर अंधार शिल्लक ठेवायचा, हे मूर्तींचं रोजचं गणित. ‘प्यासा’त वहिदा रहमान आणि माला सिन्हा यांच्या चेहऱ्यांवरचा प्रकाश शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीला रस्त्यावरच्या दिव्यांचा तुटक उजेड आहे, दुसरीला श्रीमंत घरातला सर्वत्र पसरलेला. कुठल्या बाईच्या मनात काय चाललंय हे संवादाच्या आधीच कळतं.

आता तो उन्हाचा झोत. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की तो नेमका कसा साधला हे सांगायचंच राहून जातं. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ‘कागज के फूल’चं काम चालू होतं. ओसाड स्टुडिओत दिग्दर्शक आणि त्याची नटी समोरासमोर उभे आहेत आणि गीता दत्तचा आवाज पार्श्वभूमीला आहे, असं ते गाणं. वरून एक जाड प्रकाशशलाका खाली उतरायला हवी होती. स्टुडिओतला दिवा कितीही मोठा असला तरी त्याचे किरण एका जागेवरून निघून पसरत जातात. झोत खाली येईपर्यंत कोनासारखा रुंदावतो आणि दिवा कुठं टांगलाय ते प्रेक्षकाला उमगतं. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात. त्यामुळे उन्हाच्या तिरपेच्या दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत सरळ राहतात. मग सूर्यच आत आणायचा, असं ठरलं. बाहेर उन्हात एक मोठा आरसा, त्यानं फेकलेला प्रकाश झेलायला आत वरच्या तराफ्यावर दुसरा आरसा, आणि तिथून खाली जमिनीवर. हवेत धूर सोडला तेव्हा झोताला अंग आलं. यातली खरी मेहनत दिसत नाही ती अशी, की सूर्य थांबत नाही. झोत जागेवर ठेवायचा तर बाहेरचा आरसा सतत थोडा थोडा वळवत राहायला हवा. ते काम करणाऱ्या लाइटमनचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

या झोताच्या गुणगानात सिनेमास्कोपचा प्रश्न झाकला जातो. माझ्या मते ‘कागज के फूल’मधली खरी परीक्षा तीच होती. स्कोपच्या भिंगात चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत फिल्मवर बसवलं जातं आणि थिएटरात प्रक्षेपणाच्या वेळी पुन्हा फुलवलं जातं. हॉलिवूडनं १९५३ साली हा प्रकार बाजारात आणला तो रोमन फौजा, वाळवंटं आणि रथ दाखवायला. गुरुदत्तला त्यात एकटा माणूस दाखवायचा होता. शिवाय ही भिंगं चेहऱ्याच्या फार जवळ नेली की गाल रुंद दिसतात, म्हणजे गुरुदत्तचं आवडतं हत्यारच बोथट होणार. दिवेही नेहमीपेक्षा जास्त लागणार. मूर्तींनी काय केलं ते पडद्यावर दिसतं. त्यांनी रिकाम्या जागेलाच पात्र करून टाकलं. माणसं चौकटीच्या दोन टोकांना उभी केली आणि मधे नुसता अंधार आणि धूळ. पुढे जगभर अनेकांनी स्कोपमध्ये एकटेपणा टिपला. आपल्याकडे तो पहिल्याच प्रयत्नात टिपला गेला, आणि सिनेमा आपटला. गुरुदत्तनं नंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधी लावलं नाही. मूर्तींना मात्र त्या कामासाठी फिल्मफेअर मिळालं.

‘साहिब बीबी और गुलाम’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. ‘साकिया आज मुझे नींद नहीं आएगी’ या मुजऱ्यात मिनू मुमताजवर प्रकाश आहे आणि मागच्या नाचणाऱ्या बायका पूर्ण वेळ सावलीत आहेत. नाच म्हणजे हालचाल. हालणाऱ्या माणसांना एका ठरावीक रेषेपलीकडे प्रकाशाचा थेंबही लागू द्यायचा नाही, आणि त्याच चौकटीत हालणाऱ्या दुसऱ्या बाईवरचा प्रकाश क्षणभरही सुटू द्यायचा नाही. प्रत्येक दिव्यापुढे आडोसे लावून ही सीमारेषा आखावी लागते, आणि नृत्यदिग्दर्शकाला ती तोंडपाठ करायला लावावी लागते. या सिनेमासाठी मूर्तींना दुसरं फिल्मफेअर मिळालं. इथे कारकिर्दीचा पहिला भाग संपतो आणि बहुतेक लेखकांचा उत्साहही.

पुढे रंग आला. काळ्यापांढऱ्यात सावली ही नुसती सावली असते. रंगीत फिल्मवर मात्र सावलीलाही रंग असतो, आणि तो बहुधा नको तो असतो. मूर्ती लंडनला जाऊन रंगीत छायाचित्रण पाहून आले. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’च्या चित्रीकरणाच्या वेळी तिथल्या तंत्रज्ञांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. परतल्यावर वाट्याला आले ते ‘सूरज’, ‘लव्ह इन टोकियो’, ‘नया जमाना’, ‘जुगनू’. यातले बरेचसे प्रमोद चक्रवर्तींचे. चक्रवर्ती गुरुदत्तच्याच गोटातले. ‘१२ ओ’क्लॉक’ मूर्तींनी त्यांच्यासाठी टिपला होता. हे सिनेमे थोर आहेत असं मी म्हणणार नाही. नायिकेच्या नाकाची सावली गालावर पडता कामा नये, साडीचा गुलाबी गुलाबीच दिसला पाहिजे, बागेतलं गाणं आणि स्टुडिओतलं कडवं जुळलं पाहिजे, ही त्यांची मागणी आणि मूर्तींनी ती चोख पुरवली. ‘सूरज’चं संगीत गाजलं, ‘जुगनू’ धो धो चालला. त्यात ‘प्यासा’चा मूर्ती शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण घर चालवणारा, दिलेल्या तारखेला निर्मात्याला दिलेलं काम देणारा कॅमेरामन सापडेल. कलावंताचं चरित्र लिहिताना हा माणूस गाळायची आपल्याला खोड आहे. याच काळात कमाल अमरोहींचा ‘पाकीझा’ रखडत पुरा होत होता. त्याचे मूळ छायाचित्रणकार जोसेफ वेर्शिंग १९६७ साली वारले, आणि ज्यांनी तो पूर्णत्वाला नेला त्यांत मूर्तीही होते. दुसऱ्यानं आखलेल्या प्रकाशात स्वतःचा प्रकाश मिसळून द्यायचा, सांधा कुणाला दिसू द्यायचा नाही. ही कामगिरी कुठल्याही पुरस्कारात बसत नाही.

याच वर्षांत गोविंद निहलानी त्यांचे सहायक होते. ‘लव्ह इन टोकियो’सारख्या सिनेमाच्या सेटवर उभं राहून या मुलानं पुढे ‘आक्रोश’ कसा केला, असा प्रश्न लोक विचारतात. मला त्यात कोडं वाटत नाही. दिवा कुठे लावायचा यापेक्षा दिवा लावल्यानं काय बिघडतं, हे शिकायला धंदेवाईक सिनेमाइतकी चांगली शाळा नाही. निहलानींनी १९७१ साली सत्यदेव दुबेंसाठी तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ टिपलं, म्हणजे मराठी प्रेक्षकाशी त्यांची ओळख फार जुनी. मग श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’. उपलब्ध उजेड, खिडकीतून येणारं खरं ऊन, चेहऱ्यावर मेकअपऐवजी घाम. गुरूची शैली शिष्यानं उचलली नाही. त्यानं उचलली ती शिस्त, आणि ही माझ्या मते मोठी उचल आहे.

निहलानींचा जन्म कराचीचा, १९४० सालचा. फाळणीत कुटुंब इकडे आलं. भीष्म साहनींची ‘तमस’ कादंबरी पडद्यावर आणायची ठरवली तेव्हा दिग्दर्शक ते स्वतः होते आणि कॅमेऱ्यावर त्यांनी आपल्या गुरूला बोलावलं. पासष्टीच्या घरातला गुरू, चाळिशी ओलांडलेला शिष्य, आणि आता सेटवर शब्द शिष्याचा. छायाचित्रणाच्या श्रेयात दोघांचीही नावं आहेत. ‘तमस’ १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली गेली, न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका पाहून ती दाखवू दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. या वादामुळे मालिका कशी दिसते याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

ती इथे करू. तेव्हाचा घरातला टीव्ही आठवा. वीस इंची, पुष्कळ घरांत अजून काळापांढराच, फुगीर काचेचा. चित्राच्या कडा सेटच्या चौकटीत गडप व्हायच्या, म्हणून कडेला काही महत्त्वाचं ठेवायची सोय नाही. खोलीत ट्यूबलाइट चालू. गच्चीवरचा अँटेना वाऱ्यानं हलला की पडद्यावर मुंग्या. अशा पडद्यावर अंधार दाखवणं म्हणजे काहीच न दाखवणं. काळा भाग काळा राहत नाही, राखाडी होतो आणि त्यात मुंग्या फिरतात. म्हणून टीव्हीवाले सगळं सपाट उजळून टाकत. साबणाच्या जाहिरातीसारखा लख्ख उजेड, चेहरा असो की भिंत. आणि ‘तमस’ची सुरुवातच रात्रीची आहे : एका कोंदट खोपटात नत्थू डुकराला मारायची धडपड करतोय, मिणमिणता दिवा, आणि प्रसंग संपता संपत नाही. हा प्रसंग उजळून टाकला असता तर कादंबरीचं नावच खोटं ठरलं असतं. मूर्तींनी अंधार ठेवला. पण त्यात डोळ्याला धरायला काही तरी दिलं : ओम पुरींच्या खडबडीत चेहऱ्याची उजेड पडलेली बाजू, घामाची चमक, दिव्याची ज्योत. एवढ्या खुणा असल्या की उरलेला काळोख प्रेक्षक स्वतः भरून घेतो. मुजऱ्यात जी सीमारेषा शेकडो फुटांच्या सेटवर आखली होती, तीच इथे बोटभर जागेत आखलेली आहे. ‘कागज के फूल’मध्ये पडद्याची रुंदी ही अडचण होती आणि त्यांनी तिचा आशय केला. इथे पडद्याचा तोकडेपणा ही अडचण होती, आणि तिचाही केला. म्हणून कारकिर्दीचे दोन तुकडे पाडून पहिल्याला सुवर्णकाळ आणि दुसऱ्याला उतरण म्हणणं मला पटत नाही.

त्याच वर्षी बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ग्रंथावरची ही ५३ भागांची मालिका, आणि तिच्या छायाचित्रणाची मुख्य जबाबदारी मूर्तींकडे. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा पाच हजार वर्षांचा पट, आणि बरंचसं गोरेगावच्या फिल्मसिटीत उभारलेल्या सेटवर. आज मौर्यांचा दरबार, पुढच्या आठवड्यात विजयनगर, मग नसिरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज. सिनेमात एका गाण्याला मिळणारे दिवस इथे अख्ख्या भागाला मिळत नाहीत. प्लायवूडचा खांब दगडाचा वाटायचा तर प्रकाश तिरपा हवा, आणि तिरप्या प्रकाशाला वेळ लागतो. काही भागांत तो वेळ मिळालेला दिसत नाही, भिंती रंगवलेल्या आहेत हे कळतं. पण जिथे मिळाला तिथे मशालींच्या उजेडातले दरबार आजही खोटे वाटत नाहीत, आणि संगणकानं रंगवलेल्या आत्ताच्या ऐतिहासिक मालिका पाहिल्यावर तर नाहीतच.

१९९३ साली त्यांनी कन्नडमध्ये ‘हूवू हण्णू’ केला. मातृभूमीच्या भाषेत काम करायला त्यांना सत्तरी गाठावी लागली. नंतर ते बंगळुरूलाच राहिले. २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला आणि २०१० साली राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते देण्यात आला. हा पुरस्कार मिळालेले ते पहिले छायाचित्रणकार. पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. ज्यांच्या नावानं तो आहे ते फाळके स्वतः छायाचित्रण शिकलेले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढलेले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्र्यंबक तेलंगांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांनी आपला कॅमेरामनही स्वतःच घडवला. त्या नावाचा मान कॅमेरामनपर्यंत पोचायला एकोणचाळीस वर्षं लागली, हे जरा जास्तच झालं. २०१४ च्या एप्रिलमध्ये मूर्ती वारले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

वाचकाला एक व्यवहारी सूचना. पुढची प्रकरणं वाचताना हे सिनेमे समोर असलेले बरे, आणि ते आता मोबाइलवरही सहज मिळतात. पण ‘कागज के फूल’ची प्रत तपासून घ्या. स्कोपचं चित्र जुन्या टीव्हीच्या मापात बसवलं की दोन्ही बाजू मिळून जवळपास ४३ टक्के भाग कापला जातो, आणि टोकांना उभी केलेली माणसं त्यातच असतात. पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे दिसत असतील तरच ती प्रत खरी. ‘तमस’चं उलट आहे : चित्र चौकोनी असायला हवं, डावी-उजवीकडे काळे पट्टे सोडून. ते पडदाभर ताणलेलं असेल तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा. आणि खोलीतला दिवा मालवायचा की चालू ठेवायचा, याचा विचार निदान या मालिकेसाठी तरी करा. मूर्तींनी ती दिवा चालू असलेल्या खोलीसाठी टिपली होती.